अर्धं तिकीट, कोंबडी आणि चौक: एका चित्रपुस्तकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका 24 पानी चित्रपुस्तकाचं. पुण्यातल्या एका लहानशा प्रकाशनासाठी मी बाहेरून संपादनाचं काम करते, आणि यातल्या निम्म्याहून जास्त चुका माझ्या आहेत. माणसांची, आगाराची, प्रकाशनाची आणि पुस्तकाचीही नावं गाळली आहेत. रस्ता मात्र खरा ठेवलाय; तो बदलला तर गोष्टीत काही उरत नाही.

लेखिका एसटीत कंडक्टर आहे. मूळची सोलापूर जिल्ह्यातली, नेमणूक पालघर विभागात. तिच्या शाळेत ‘किशोर’ मासिक यायचं, तेवढंच तिचं बालसाहित्य. बाकीचं शिक्षण गाडीत झालं. माणसं कंडक्टरसमोर फार मोकळेपणाने खोटं बोलतात, असं तिचं म्हणणं. ऑक्टोबर 2023मध्ये तिची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर सतरा तुकड्यांत आली. दोन फेऱ्यांच्या मधे, आगाराच्या विश्रांतिगृहात बसून टाइप केलेली. वर एक ओळ होती: ‘तिकिटं फाडते तशी लिहिलीय, एका वेळी एक.’

गोष्ट अशी. जव्हारकडचं एक कुटुंब भिवंडीच्या बाजूला वीटभट्टीवर निघालंय. आई, बाप, पोरगी आणि टोपलीत कोंबडी. कंडक्टर वय विचारते. आई म्हणते, “चारची आहे.” पोरगी म्हणते, “सहाची.” पाचाखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. शिवाय मार्च 2023पासून बायकांनाही अर्धं. कंडक्टर मशीनवर बोट ठेवून थांबते, आणि पोरगी मोठ्याने हिशेब करते: आईचं अर्धं, माझं अर्धं, मिळून एक. तेवढ्यात कोंबडी ओरडते. तिचं काय, हा प्रश्न पुढची दहा पानं चालतो.

मी ती गोष्ट स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचली आणि त्याच दिवशी घेऊ म्हणून कळवलं.

चित्रकार 26 वर्षांचा, विक्रमगड तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. कलाशिक्षकाची पदविका झालेली, नोकरी बोईसरला फ्लेक्सच्या दुकानात. वाढदिवसाच्या एका बॅनरवर चाळीस कार्यकर्त्यांचे चेहरे बसवायचे, त्यातले अर्धे मोबाईलवरून आलेले अंधारे फोटो, आणि कोणाचाही चेहरा शेजारच्यापेक्षा लहान दिसता कामा नये. हे तो रोज करायचा. एका प्रदर्शनात तो कापडावरची वारली चित्रं विकायला बसला होता, तिथे माझी ओळख झाली. मी चित्रं पाहिली, नंबर घेतला. तो पोटापाण्यासाठी दुसरं काय करतो हे तेव्हा विचारलं नाही. ते तीन महिन्यांनी कळलं.

अडचण

करारात मी लिहिलं होतं: ‘वारली शैलीतील 12 जोडचित्रे’, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एक चित्र. मानधन एकरकमी 30,000 रुपये, निम्मे आधी. हक्क प्रकाशनाकडे. लेखिकेला मात्र 8 टक्के रॉयल्टी. हा फरक तेव्हा मला खटकला नाही, कारण आमच्याकडे ‘असंच चालतं’.

जोडीला एक व्यवहाराची बाब होती. शाळांमध्ये वाचनालयं चालवणाऱ्या एका उपक्रमाने 1,200 प्रती आगाऊ घ्यायची तयारी दाखवली होती. त्यांना पाठवलेल्या टिपणात मी लिहिलं होतं: ‘आदिवासी चित्रकाराची वारली चित्रं, एसटी कंडक्टरची लेखणी’. हे वाक्य मला फार आवडलं होतं, तेही कबूल करते.

जानेवारी 2024मध्ये पहिली तीन जोडचित्रं आली. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषा, काम नेटकं, हात सफाईदार. आणि मेलेली. मी लेखिकेला पाठवली. तिचा फोन आला.

“ताई, यात माझी गाडी कुठाय? सगळे हात धरून नाचतायत. भिवंडीला निघालेल्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते.”

मला वाटलं, तिला वारली कला कळत नसेल. खरी अडचण तिने बरोबर पकडली होती, पण ती मला कळायला चित्रकाराचा फोन यावा लागला. तो आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, “मॅडम, वारलीत डोक्याला नुसता गोल. तोंड नसतं. यात आई खोटं बोलते आणि पोरगी तिला उघडी पाडते. ते तोंडाशिवाय कसं काढू?”

हे मी गोष्ट निवडतानाच पाहायला हवं होतं. वारली आकृती म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि वर वर्तुळ. शरीराची लय ती अप्रतिम पकडते: कापणी, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच, शिकार, मासेमारी. आमच्या गोष्टीत मात्र माणसं जागेवर कोंबून बसलेली, आणि सगळी हालचाल भुवयांत.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक होती. बसची खिडकी चौकटीसारखी करावी, भोवती चौकाची नक्षी आणि मधे कोंबडी, असं मी सुचवलं होतं. आपण काहीतरी कल्पक सुचवतोय या आनंदात. त्याची आजी धवलेरी. वारली लग्नात गाणी म्हणून लग्न लावते ती धवलेरी, आणि भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा तो सवाशिणींनी. तिकडे चौक लिहितात म्हणतात, काढतात असं नाही. त्याच्या मधे पालघट देवी असते.

“तिथे पालघट बसते,” तो म्हणाला. “कोंबडी नाही बसवता येणार मला. आणि आजीला दाखवता पण येणार नाही.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही वारली म्हणालात म्हणून काम मिळालं ना.”

यावर मी बराच वेळ काही बोलले नाही.

समोर असलेले पर्याय

प्रकाशक, मी आणि वितरण पाहणारे एक जण बसलो. तिथे चार गोष्टी पुढे आल्या.

आहे तसं पुढे न्यावं. 1,200 प्रती पक्क्या, मुखपृष्ठ देखणं होणार. वितरणवाल्यांचा याला पाठिंबा होता. लोकांना वारली ओळखू येते, ओळखू आलेलं विकलं जातं, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. वारलीला 2014 साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. पिशव्यांपासून मेट्रोच्या खांबांपर्यंत ती सगळीकडे दिसते.

दुसरा चित्रकार पाहावा. पुण्या-मुंबईत चेहरे उत्तम काढणारे पुष्कळ आहेत. पण भट्टीवर जाणाऱ्या घरातली गोणी, पातेली, कुत्र्याच्या गळ्यातली दोरी हे त्यांना फोटो पाहून काढावं लागलं असतं. शिवाय आम्ही त्याला चुकीचं काम दिलं म्हणून त्याचंच काम काढून घ्यायचं, हे प्रकाशकांनाही पटेना.

अर्धं-अर्धं करावं: पाड्यावरची पानं वारलीत, गाडीतली वेगळ्या पद्धतीने. हा माझा पर्याय. कागदावर फार शहाणा दिसत होता. चित्रकाराने एका वाक्यात तो संपवला: “म्हणजे घरी गेलो की आम्हाला तोंडं नाहीत?”

चौथा पर्याय म्हणजे त्याला हवं तसं काढू द्यायचं. पण ‘हवं तसं’ म्हणजे काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यालाही नाही. त्याच्या वहीत मी मग पहिल्यांदा नीट पाहिलं: आगारातल्या तेलाच्या डागांचे आकार, टेकून झोपलेले लोक, ट्रकच्या मागची अक्षरं, दाक्षिणात्य सिनेमांच्या पोस्टरवरचे डोळे. वारली त्यात एकही नव्हती. ती तो विक्रीसाठी कापडावर काढायचा, वहीत नाही.

इथे एक आडवळण घेते. काम देताना मी त्याला भज्जू श्याम यांचं उदाहरण दिलं होतं. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे हे गोंड चित्रकार लंडनला एका रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला गेले आणि परत आल्यावर 2004मध्ये लंडनवरचं त्यांचं चित्रपुस्तक आलं. त्यात बिग बेनचा कोंबडा झालाय, आणि 30 नंबरची बस कुत्रा, कारण परक्या शहरात तीच रोज इमानाने नेऊन सोडायची. मी चित्रकाराला म्हटलं होतं, तसं काहीतरी. आता त्याने ते पुस्तक वाचलं होतं.

“त्यांना बस कुत्र्यासारखी वाटली म्हणून त्यांनी कुत्रा काढला,” तो म्हणाला. “मला एसटी एसटीसारखीच वाटते. मी लहानपणापासून बसतोय.”

मी त्या पुस्तकातून शैली उचलायला सांगत होते. त्याने त्यातून नेमकं उलटं घेतलं होतं.

प्रत्यक्षात काय केलं

चौथा पर्याय घेतला, पण एका अटीवर: आधी दोघांनी भेटायचं. आमच्या धंद्यात लेखक आणि चित्रकाराची गाठ बहुतेकदा प्रकाशन समारंभात पडते. मधे संपादक बसलेला असतो आणि त्याला ते बरं वाटतं.

2024च्या शिमग्याच्या आठवड्यात चित्रकार लेखिकेच्या ड्युटीवर तीन दिवस गाडीत बसला. भिवंडी, अंबाडी नाका, कुडूस, वाडा, विक्रमगड, जव्हार. रोजीचे पैसे आम्ही दिले. दुकानातून सुट्टी घेतल्याने त्याचा रोज बुडत होता. पहिल्याच दिवशी दोघांचं वाजलं. बाहेरच्या माणसाला कधीच दिसली नसती अशी चूक त्याने गोष्टीत काढली.

“भट्टीला जाताना एसटी कुठं? मालकाचा नाहीतर मुकादमाचा टेम्पो येतो पाड्यावर. उचल घेतलेली असते. सामान, कोंबड्या, कुत्रा, सगळं त्यातच. एसटी लागते ती शिमग्याला घरी येताना. तेव्हा टेम्पो कोण पाठवतो?”

लेखिका म्हणाली, मी स्वतः दिवाळीनंतर अशा माणसांना तिकिटं दिलीत. दोघंही खरं सांगत होती. काही कुटुंबं आपापली जातात, बरीचशी टेम्पोने. पण गाडीत भोवती शिमग्याला घरी निघालेली माणसंच होती, आणि तिसऱ्या दिवशी लेखिकेने गोष्ट उलटी फिरवली. कुटुंब आता घरी चाललंय. शब्द फारसे बदलले नाहीत. पण ‘आईचं अर्धं, माझं अर्धं, मिळून एक’ हे वाक्य जाताना वाचलं तर घशाशी येतं आणि येताना वाचलं तर हसू येतं. कोंबडी मात्र अडचणीत आली, कारण सणाला घरी येणाऱ्या कोंबडीचं काय होतं हे पाड्यावरच्या प्रत्येक पोराला माहीत असतं. शेवटी तिने गाडीतच अंडं घातल्यामुळे ती वाचते. हे कोणाचं डोकं, यावर दोघं अजून भांडतात.

तंत्र सापडलं ते अपघाताने. चित्रकाराची वही दुसऱ्या दिवशी घरी राहिली. लेखिकेने मशीनमधून निघालेला रोलचा शेवटचा तुकडा त्याला दिला, रोल संपत आल्याची गुलाबी रेघ असलेला. त्यावर त्याने बॉलपेनने चित्रं काढली आणि तुकडा ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर ठेवला. वाड्याला पोचेपर्यंत कागद काळा पडला होता. तिकिटाचा कागद उष्णतेनेच छापतो, त्यात शाई नसते, हे आम्ही सगळे विसरलो होतो. हळहळत त्याने कोपऱ्यातल्या उरलेल्या पांढऱ्या जागेवर नख ओढलं, तर काळी रेघ उमटली. घासल्याची ऊब तेवढी पुरते.

पुढच्या दोन महिन्यांत त्याने दुकानातून बिलिंगचे 57 मिलिमीटर रुंदीचे कोरे रोल आणून सगळं पुस्तक त्यावर काढलं. नखाने ठसठशीत रेघा, बारीक कामाला बांबूची काडी, आजी पिठाच्या रेघांना वापरायची तसलीच. रेघ चुकली तर खोडता येत नाही, पट्टी फाडून नवी घ्यायची. चेहरे भुवया-ओठांसकट, आणि गर्दीच्या पानावर एकही चेहरा शेजारच्यापेक्षा लहान नाही. फ्लेक्सच्या दुकानातली सवय. पट्ट्या आडव्या लावून त्याने गाडीच्या खिडक्या केल्या. शेवटच्या तीन पानांत ती गुलाबी रेघ तळाशी धावते, गाव जवळ आलं म्हणून.

रात्रीच्या पानांसाठी स्कॅन उलटं केलं: काळ्यावर पांढऱ्या रेषा. ती पानं पाहून वितरणवाले खूश झाले, “हं, आता आली वारली!” चित्रकार आमच्याकडे पाहून नुसता हसला.

करारही बदलला. ‘वारली शैलीतील’ हे शब्द काढले, चित्रांचे हक्क चित्रकाराकडे ठेवले, दोघांना प्रत्येकी 5 टक्के. लेखिकेचे 8चे 5 होणार होते, म्हणून आधी तिला विचारलं. तिने रात्रभर विचार केला आणि हो म्हणाली, पण मलपृष्ठावर ‘वाहक’ नको, ‘कंडक्टर’च हवं या अटीवर. चित्रकाराच्या परिचयात मी ‘वारली समाजातील युवा चित्रकार’ असं लिहिलं होतं. त्याने ते खोडून लिहिलं: ‘बोईसरला फ्लेक्सच्या दुकानात काम करतो. काडी धरायला आजीने शिकवलं.’

निष्पत्ती

वाचनालयांच्या उपक्रमाने 1,200वरून मागणी 500वर आणली. कारण सरळ होतं: टिपणात सांगितलं एक आणि दिलं दुसरं. त्यांना दोष देता येत नाही. आम्ही 2,000ऐवजी 1,500 प्रती छापल्या, नोव्हेंबर 2024मध्ये. वर्षभरात 400च्या आसपास शिल्लक राहिल्या. आमच्या मानाने बरं, पण पैसे सुटायला अजून वेळ आहे.

विक्रमगडजवळच्या एका आश्रमशाळेत लेखिकेने स्वतः वाचन केलं, गणवेशात. मुलांनी बॉनेटवरची जागा लगेच ओळखली आणि ती कोणाची यावर मारामारी झाली. एका मुलीने विचारलं, आई खोटं बोलली तर तिला दंड का नाही केला? लेखिका म्हणाली, “मशीनमध्ये तसलं बटण नसतं.” एका शिक्षकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, यात आपली वारली कुठे आहे? मी चित्रकाराकडे बोट दाखवलं, मग वाटलं की हेही उत्तर चुकीचंच.

आजीने पुस्तक पाहिलं. गोष्टीवर काही बोलली नाही. कोंबडी गावठी नाही, पोल्ट्रीची दिसते, एवढं म्हणाली.

आज वेगळं काय केलं असतं

पहिलं म्हणजे गोष्ट हातात घेऊन चित्रकार शोधला असता. मी चित्रकार आवडला म्हणून गोष्ट त्याच्या गळ्यात मारली. या गोष्टीला चेहरे लागतात, हा निर्णय घ्यायला दहा मिनिटं पुरली असती. तो दहा आठवड्यांनी घेतला.

दुसरं, खरेदीदाराला पाठवलेलं टिपण. माणसांची पार्श्वभूमी विकायला सोपी असते. चित्रं यायच्या आत ती विकून बसलं की मग चित्रांनी तिच्यासारखं दिसावं असा दबाव येतो. आज मी गोष्ट काय आहे ते सांगेन आणि माणसांबद्दल मागाहून. 700 प्रतींचा फटका त्या एका वाक्याचा आहे.

चौकाच्या बाबतीत मी आधी विचारायला हवं होतं, आणि ‘चालेल ना?’ असं नव्हे. पैसे देणारी बाई ‘चालेल ना?’ विचारते तेव्हा उत्तर ठरलेलं असतं. काय काढायचं नाही ते तूच सांग, असं कामाच्या पहिल्या दिवशी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. कला घरातून बाजारात आली की काय न्यायचं आणि काय मागे ठेवायचं, हे ठरवणारे लोक तिकडे आहेतच. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर कागद घेऊन गेले, तिथले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे लग्नविधीच्या बाहेरची रोजची चित्रं काढू लागले, आणि बायकांच्या हातातली काडी पुरुषांच्याही हातात आली. मशेंना 2011 साली पद्मश्री मिळाली. ते वळण पाड्यावरच्या माणसाने स्वतः घेतलेलं होतं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी डॉ. आंबेडकरांवरची चित्रकथा केली तेव्हा चौकोनी खणांत माणसं बसवायला नकार दिला आणि पानं डिगणा या गोंडांच्या घरच्या वळणदार नक्षीने विभागली. हे मला पुस्तकातून माहीत होतं. समोरच्या मुलाला विचारायचं सुचलं नाही.

दोघांची गाठ पहिल्या आठवड्यातच घालून दिली असती, हे वेगळं सांगायला नको. गोष्टीची दिशा बदलली ती गाडीत. माझ्या टेबलावर ती आणखी वर्षभर चुकीच्या बाजूला धावली असती.

एका बाबतीत अजून ठरत नाही. मूळ पट्ट्या. आम्ही त्या काढल्या त्याच दिवशी स्कॅन करत होतो म्हणून पुस्तक झालं. पण कपाटातल्या पट्ट्या आता फिकट होत चालल्यात, दोन तर जवळजवळ कोऱ्या. टिकाऊ कागदावर पुन्हा काढून घ्याव्यात, प्रदर्शनाला उपयोगी पडतील, असं माझं मत. चित्रकाराला त्यात रस नाही.

लेखिकेची नवी गोष्ट गेल्या महिन्यात आली, एकवीस तुकड्यांत. समुद्रावरची आहे, एका खेकड्याची. चांगली आहे. मी वाचली आणि लगेच विचारलं, “यात एसटी नाही का कुठे?”

तिचं उत्तर आलं: “सुट्टीवर आहे मी.”